दम वाढत नाही, भास होतो

फ्रीस्टाइलला जिल्ह्याचं पदक होतं, म्हणून सिंक्रो, म्हणजे संगीताच्या तालावर पाण्यात नाचत-कसरती करत पोहणं, सहा महिन्यांत येईल असं मी घरी सांगून टाकलं होतं. ते सहा महिने नुसत्या स्कलिंगमध्ये गेले. उताणं पडून, कमरेशी तळवे आत-बाहेर फिरवत पाणी दाबत राहायचं. बाजूच्या लेनमधली पोरं विचारायची, "ताई, दमलात का?" हे गाळून थेट बॅले लेग (उताणं तरंगत एक पाय सरळ वर धरणं) शिकवणारे कोच भेटतील. त्यांच्यापासून चार हात लांब राहा. स्पर्धेत तळाला पाय टेकवून उसळी घेतली तर गुण कापतात. आधार काय तो हातांचा आणि एगबीटरचा, म्हणजे पाण्यात उभं राहायला दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवत राहण्याचा. (2017 पासून अधिकृत नाव आर्टिस्टिक स्विमिंग. काठावर सगळे सिंक्रोच म्हणतात.)

आता मुद्द्याचं. एका सीनियरने युक्ती दिली होती: बुडी मारण्याआधी भराभर श्वास घे, दम वाढतो. वाढला की! छातीत घालमेल नाही, मी खूश. पण श्वास घ्यायची ओढ ऑक्सिजन कमी झाल्याने नव्हे, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने लागते. भराभर श्वासांनी तोच बाहेर फेकला जातो. म्हणजे स्कूटरचा काटा 'फुल्ल'वर अडकलेला, टाकीत पेट्रोल तेवढंच. ओढ लागायच्या आतच शुद्ध जाते. माझी गेली. तळाच्या फरश्या मोजत होते एवढं आठवतं; मग एकदम काठ, कुणीतरी ओढून काढलेली नोजक्लिप आणि कोचचा पांढराफटक चेहरा. पुन्हा सांगते, ओढ लागत नाही म्हणजे दम शिल्लक आहे असं नाही. एक-दोन शांत श्वास, बस. एकटीने सराव नाही, पैजा तर मुळीच नाहीत.

2022 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची अनिता अल्वारेझ सोलो संपताच बेशुद्ध होऊन खाली जाऊ लागली. कोच आंद्रेया फुएन्तेसने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून तिला वर आणलं. कोच निवडताना पदकं नंतर मोजा; सरावात त्याची नजर पाण्यावर असते की मोबाइलवर, ते आधी बघा.

बाकी घाबरण्यासारखं काही नाही. एगबीटर बसायला मला वर्ष लागलं, तुम्हालाही लागेल. मुलांनीही यावं, पॅरिस 2024 पासून ऑलिंपिकच्या संघात पुरुषांना परवानगी आहे. आणि केस घट्ट बसावेत म्हणून अंबाड्यावर चोपडलेलं जिलेटिन गार पाण्याने निघत नाही. आमच्या तलावावर गरम पाणी नव्हतं, त्यामुळे पहिल्या स्पर्धेनंतर मी डोक्यावर तो चकचकीत टोप घेऊन लोकलने घरी गेले.