खोइखोइ स्थळनावांचा अर्थ लावताना या चुका टाळा

खोइखोइ हे आफ्रिकेच्या दक्षिण भागातले मूळ रहिवासी आणि त्यांची भाषा. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या नकाशावर खोइखोइ नावं जागोजाग आहेत, पण त्यांचे अर्थ सांगताना हमखास गफलत होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नावातले क्लिक गाळून उरलेल्या अक्षरांवरून अर्थ काढणं. क्लिक ही या भाषेतली व्यंजनं आहेत. एक उभी रेघ, दोन उभ्या रेघा, उद्गारचिन्हासारखी खूण आणि दोन आडव्या रेघांनी छेदलेली उभी रेघ, अशा चार खुणा नि चार वेगळे उच्चार. हळहळताना आपण जिभेनं ‘च्च’ करतो, तो साध्या उभ्या रेघेचा उच्चार. देवनागरीत या व्यंजनांना अक्षरं नाहीत, म्हणून मूळ लेखन जवळ ठेवूनच शोध घ्या. ती खूण उद्गारचिन्ह समजून पुसून टाकू नका.

नामिबियाची राजधानी विंडहुकचं खोइखोइ नाव आइगाम्स. आपल्या लिपीत त्यातले दोन्ही क्लिक गेले. पहिला भाग आगीचा, ‘गाम’ पाण्याचा आणि शेवटचा ‘स’ स्त्रीलिंगी एकवचनाचा प्रत्यय. तिथल्या उन्हाळ्यांवरून, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवरून, हे नाव पडलं. ‘विंडहुक’ हे त्याचं भाषांतर नव्हे. वाऱ्याशी आइगाम्सचा संबंध जोडत बसू नका.

हे प्रत्यय ओळखता आले की निम्मं काम झालं. ‘ब’ पुल्लिंगी: नामिब, गारिब. गारिब म्हणजेच नदी. याच नावाच्या नदीला ‘ऑरेंज’ हे नाव रॉबर्ट जेकब गॉर्डन यांनी 1779 मध्ये डच ऑरेंज घराण्यावरून दिलं. त्यामुळे पाण्याच्या रंगावरून केलेला खुलासा सरळ खोडून टाका. ‘क्वा’ दिसलं तर बहुधा माणसांचा समूह समजावा: नामाक्वा, ग्रिक्वा. औटेनिक्वा डोंगरांनाही तिथं राहणाऱ्या लोकांचंच नाव मिळालं.

त्सित्सिकम्मा, कीस्कम्मा यांतला ‘कम्मा’ पाण्याचा. पूर्वार्धाचे अर्थ मात्र वेगवेगळे सांगतात, कारण ही नावं डच आणि खोसा (दक्षिण आफ्रिकेतली आणखी एक भाषा) बोलणाऱ्यांच्या कानांतून गेलेली आहेत. एकच अर्थ ठासून सांगण्यापेक्षा पाण्याशी थांबलेलं बरं.

पोर्ट एलिझाबेथला 2021 मध्ये गेबेखा हे अधिकृत नाव मिळालं, तेव्हा ते निव्वळ खोसा नाव म्हणून सांगितलं गेलं. शहरातून वाहणाऱ्या बाकेन्स नदीचं ते खोसा रूप खरं, पण मूळ खोइखोइच. ती नोंद वगळू नका.