भीमगडच्या रानात जाताय? या चुका टाळा

पहिली चूक आमचीच. आमच्या गाईड मामांनी सकाळी सहाला बोलावलं होतं. आम्ही बेळगावच्या टिळकवाडीतून निघालोच सहाला, वर खानापुरात नाष्टा करत बसलो. पोचलो तेव्हा मामा वडाखाली उभे. "धनेश येऊन खाऊन गेलं बघा," एवढंच म्हणाले. खाली अर्धवट कुरतडलेली लाल फळं पडलेली. नंतर एकच धनेश डोक्यावरून गेला, तोही दिसला नाही. लोहारानं भाता ओढावा तसा पंखांचा आवाज तेवढा ऐकू आला.

दांडेलीच्या जीप सफारीची सवय घेऊन इथं येऊ नका. बेळगाव जिल्ह्यातलं भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, विस्तार सुमारे १९० चौरस किलोमीटर. वाघ आहे, बिबट्या आहे, गवा आहे. पण दाट रानात दहा पावलांपुढचं दिसत नाही. म्हणून गाईडला "वाघ दाखवणार काय?" असं विचारण्यात अर्थ नाही. फोनवर विचारायचं ते हे, की सध्या कुठलं झाड फळलंय? वड-उंबर फळाला आला की धनेश, शेकरू, हरियाल, माकडं सगळी तिथंच येतात. तारीख त्या झाडावरून ठरवा, तुमच्या लाँग वीकेंडवरून नव्हे. बाराजणांची टोळी तर नकोच, चौघं पुष्कळ.

अॅडव्हान्स देण्याआधी वनखात्याची परवानगी कोण काढणार ते पक्कं करा. "आपली ओळख आहे" म्हणणाऱ्यावर विसंबलात तर चेकनाक्यावरून परत. पावसाळ्यात बंदी आहे का तेही विचारा. बारापेडे गुहेत नेण्याचा हट्ट धरू नका. तिथं रॉटनचं दुर्मीळ वटवाघूळ राहतं. कितीतरी वर्षं जगात ते फक्त इथंच आहे असं समजत होते. पुढं मेघालय आणि कंबोडियातही सापडलं. माणसांची वर्दळ त्याला सोसत नाही.

कॅमेरा धुकटला? गाडीच्या एसीतून काढल्या काढल्या बॅग उघडली असणार. अर्धा तास बंदच ठेवा.

जळवा लागणारच. मोजे तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवतात, तो उपाय बरा चालतो. लागलीच तर ओढू नका. निमुळत्या तोंडाखाली नख सरकवा, सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका. पानांत हात घालताना मात्र आधी नीट बघा, हिरवा चापडा हा विषारी साप पानासारखाच दिसतो.

पाऊस संपला की जळवा जातात आणि गोचिडांचे दिवस येतात. माकडताप गोचिडांमुळेच होतो, शेजारच्या दोडामार्गात २०१६ पासून त्याचे रुग्ण सापडलेत. पालापाचोळ्यावर बसू नका. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, आणि अंघोळीआधी गुडघ्यामागं, काखेत, कानामागं दुसऱ्या कुणाकडून तरी बघून घ्या. त्यानंतर काही दिवसांत ताप आलाच, तर डॉक्टरना रानात गेलो होतो हे आधी सांगा.