अमेरिकेत कॉलेजचे प्रशिक्षक खेळाडू कसे निवडतात आणि विद्यार्थ्याने काय करावे

कॉलेजचा प्रशिक्षक खेळाडू शोधायला निघतो, तेव्हा आपल्या संघात कोणती जागा कधी रिकामी होणार आहे, हे त्याने आधीच ठरवलेले असते. म्हणून हायस्कूलच्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम आवडत्या कॉलेजच्या संकेतस्थळावरील संघाची यादी उघडावी आणि आपल्या जागेवर कोण खेळते व ते कोणत्या वर्षाला आहेत, हे पाहावे. तिन्ही गोलरक्षक पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतील, तर तिथे चौथ्या गोलरक्षक मुलीला संधी मिळणे अवघड असते, मग ती कितीही चांगली असो. शिवाय 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी, आल्यापासून रिकाम्या जागी दुसऱ्या कॉलेजातील अनुभवी खेळाडू घेणेही प्रशिक्षकांना सोपे झाले आहे.

एनसीएए ही कॉलेजांतील खेळांचे नियमन करणारी संस्था असून तिने कॉलेजांचे तीन गट (डिव्हिजन) केले आहेत. त्यांपैकी डिव्हिजन एक आणि दोनमधील कॉलेजे खेळासाठी शिष्यवृत्ती देऊ शकतात, पण ती बहुतेक वेळा अंशतःच मिळते. डिव्हिजन तीनमध्ये ती मिळत नाही. तिथे गुणांवर किंवा कुटुंबाच्या गरजेवर आधारित साहाय्य मागावे लागते.

डिव्हिजन एकमधील बहुतेक खेळांत दहावीनंतरच्या 15 जूनपूर्वी प्रशिक्षकाला विद्यार्थ्याशी भरतीविषयी बोलता येत नाही. अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या काही खेळांचे वेळापत्रक वेगळे आहे. विद्यार्थी मात्र आधीही ईमेल पाठवू शकतो, त्यामुळे त्या काळात उत्तर आले नाही म्हणून खचून जाऊ नये. उलट, शिबिराचे छापील निमंत्रण आले म्हणजे निवड जवळ आली, असेही समजू नये. अशी निमंत्रणे सरसकट पाठवली जातात.

ईमेल मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहावा, पालकांनी नव्हे. विषयाच्या ओळीतच ‘2028, डावखुरी मिडफिल्डर, जीपीए 3.7’ अशी नेमकी माहिती असावी. यात 2028 हे हायस्कूल पूर्ण होण्याचे वर्ष आणि जीपीए म्हणजे 4 पैकी गुणांची सरासरी. सोबतचा व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा असावा, सर्वांत चांगले क्षण पहिल्या अर्ध्या मिनिटात यावेत आणि प्रत्येक दृश्याच्या सुरुवातीला आपण कुठे आहोत हे बाणाने दाखवावे. एका पूर्ण सामन्याची लिंकही अवश्य द्यावी, कारण चेंडू हातचा गेल्यावर खेळाडू मागे धावतो की उभा राहतो, हे निवडक दृश्यांत दिसत नाही आणि प्रशिक्षकाला नेमके तेच पाहायचे असते. खेळ पसंत पडल्यावर तो हायस्कूलच्या किंवा क्लबच्या प्रशिक्षकाला फोन करून वागणुकीची चौकशी करतो आणि गुणपत्रक मागवतो.

या गुणपत्रकाकडे पालकांचे अनेकदा उशिरा लक्ष जाते, याची मला फार काळजी वाटते. डिव्हिजन एकमध्ये पहिल्याच वर्षी खेळण्यासाठी हायस्कूलच्या चार वर्षांत मिळून 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए लागतो. त्यांपैकी 10 विषय बारावी सुरू होण्यापूर्वीच पूर्ण व्हावे लागतात आणि त्यांतील सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे असावे लागतात. त्यामुळे नववीतच शाळेच्या समुपदेशकाकडून मान्य विषयांची यादी घ्यावी. पात्रतेसाठी एसएटी किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट एनसीएएने 2023 मध्ये काढली असली, तरी एखादे कॉलेज प्रवेशासाठी ती परीक्षा मागू शकते.

प्रशिक्षकाने तोंडी दिलेला शब्द कोणत्याही बाजूला बंधनकारक नसतो. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे त्याच कॉलेजात जाण्याचे खेळाडूने सही करून दिलेले बंधनकारक पत्र, ही पद्धत 2024 मध्ये बंद झाली असून आता आर्थिक साहाय्याच्या लेखी करारालाच महत्त्व आहे. रक्कम किती वर्षांसाठी आहे, दुखापत झाली किंवा प्रशिक्षक सोडून गेला तर ती चालू राहील का, हे सही करण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.