प्रोपेलर शाफ्ट बसवताना या चुका टाळा

जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बदलण्यात लोक आठवडे घालवतात आणि गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं माप मात्र पाच मिनिटांत उरकतात. मग गाडी थरथरते आणि बोल नव्या गिअरबॉक्सला लागतो.

सगळ्यात महागात पडते ती मापाची चूक. एका तरुणाने मागचा ॲक्सल लटकत असताना, गिअरबॉक्स नुसता ठोकळ्यावर टेकवून माप घेतलं आणि शाफ्ट बनवून आणला. नंतर गिअरबॉक्स धरणारी माउंटिंग कसली तेव्हा इंजिनासकट गिअरबॉक्स १२ मिलिमीटर मागे सरकला. स्लिप योकला, म्हणजे गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणाऱ्या शाफ्टच्या टोकाला, आत जायला जेमतेम ३ मिलिमीटर उरले. मागे दोन माणसं बसली, गाडी खड्ड्यात आपटली, योक आत जाऊन भिडला आणि गिअरबॉक्सच्या मागच्या कव्हरला तडा गेला. सगळं ऑइल रस्त्यावर. तो गिअरबॉक्स पुन्हा उतरवताना मी सोबत होतो. पोरगा हुशार होता, घाई नडली.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी सगळी माउंटिंग कायमची कसायची, गाडी चाकांवर उभी करायची आणि दोन-चार वेळा दाबून स्प्रिंगा बसू द्यायच्या. स्लिप योक पूर्ण आत ढकलून २० ते २५ मिलिमीटर बाहेर ओढायचा आणि पुढच्या क्रॉसच्या (जॉइंटमधला फुलीसारखा तुकडा) मध्यापासून मागच्या क्रॉसच्या मध्यापर्यंत मोजायचं. तीनदा. तिन्ही आकडे जुळल्याशिवाय मी शाफ्ट कापायला देत नाही.

दुसरी चूक कोनाची. शाफ्ट अगदी सरळ रेषेत हवा, असं नवशिक्यांना वाटतं. तसा ठेवला तर क्रॉसमधल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) फिरत नाहीत, एकाच जागी दाबून खाचा पाडतात. जॉइंटला निदान अर्धा अंश कोन हवा, पण ३ अंशांच्या वर नको. पुढचा आणि मागचा कोन सारखा असला, की पुढच्या जॉइंटचा हिसका मागचा मोडून काढतो. लीफ स्प्रिंगच्या गाडीत जोर लागला की पिनियनचं नाक (मागच्या ॲक्सलचं शाफ्टला जोडलेलं टोक) वर उचललं जातं, म्हणून मी ते एखादा अंश खालीच ठेवतो. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन धक्के बसत असतील तर बॅलन्सिंगवर पैसे घालू नका, कोन तपासा. एकच बसत असेल तर शाफ्ट वाकलाय किंवा बॅलन्स गेलाय.

योक घेण्याआधी स्प्लाइन (आतले दाते) मोजा. जनरल मोटर्सच्या टीएच-३५० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला २७ असतात, टीएच-४०० ला ३२.

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत हवेत.

क्रॉसच्या टोकांवरचे सुयांचे कप हातोडीने ठोकू नका, व्हाइसमध्ये दाबा. आत एक सुई जरी आडवी पडली तरी कप पुरता बसत नाही आणि त्याला अडवणारी सर्क्लिप खाचेत जात नाही. सर्क्लिप बसत नसेल तर ठोकून बसवायची नाही, कप काढून पाहायचा.

शाफ्ट ॲक्सलला जोडणाऱ्या फ्लँजला हाताशी आलेले साधे बोल्ट कधीच नकोत.

आणि स्लिप योक बसवण्याआधी त्याच्या बाहेरच्या अंगावरून नख फिरवा. जुन्या ऑइल सीलने पाडलेली चर नखाला लागली, तर तो योक बाजूला ठेवा. त्यावर नवं सीलही गळतंच.