घरफोडीचा क्लेम: बिलं नसताना नुकसान कसं सिद्ध केलं

मुलुंडच्या घरी घरफोडी झाली. विमा कंपनीचं एकच पालुपद, 'बिल दाखवा.' बिलं चोरांनी फोडलेल्या कपाटातच होती, तीही गेली! मेल, फोन, फेऱ्या सगळं फुकट. डोकं फिरायची वेळ आली.

जमलं ते असं. एफआयआरनंतर लक्षात आलेल्या वस्तू आधी पोलीस ठाण्यात पुरवणी जबाबात वजनासकट नोंदवल्या. मग सराफाकडून चेनच्या बिलाची दुसरी प्रत आणि त्याच तारखेची बँकेतली नोंद. लॅपटॉपचा सीरियल नंबर माळ्यावरच्या खोक्यावर सापडला. (खोकी टाकू नका, बायको कितीही ओरडो.) आईच्या पाटल्यांचं बिल कुठलं? वहिनीच्या डोहाळजेवणाच्या फोटोत त्या हातात स्पष्ट दिसत होत्या, तो मोठा करून जोडला. शेवटी यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे पुराव्याचा क्रमांक टाकून सर्व्हेअरला (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याला) दिली, पोच घेतली.

क्लेम मंजूर झाला. पाटल्यांची घडणावळ तेवढी कापली.