एडीएचडीवाला टीनएजर घरात आहे? आम्ही केल्या त्या चुका तुम्ही टाळा

आमचा पोट्टा १५ वर्षांचा. एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं, ती मेंदूच्या वाढीतली अडचण) निदान झालं तेव्हा नऊचा होता आणि आम्हाला वाटलं होतं की प्रॉब्लेम म्हणजे वह्या हरवणं, एका जागी न बसणं, एवढंच. आठवीत गेला तेव्हा कळलं की वह्यांचं काहीच नव्हतं बाप्पा, खरी गोची राग, रडणं आणि दोस्तांची आहे.

मे महिन्यातली दुपार. बाहेर ४५ डिग्री, मी गॅलरीत कूलरची ताटी काढून टाकीत पाणी भरून राहिली होती. याला व्हॉट्सॲपवर दिसलं की क्लासचे चार दोस्त आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावावर जाऊन आले, स्टेटस टाकले, याला कोणी विचारलंच नाही. दारातूनच फोन भिरकावला, तो सरळ कूलरच्या टाकीत. आणि मी काय केलं? "फोनचे पैसे कोण देणार, एवढं काय झालं त्यात, तूच कधी नीट वागतो का" असं सगळं एका दमात. पुढचा अर्धा तास घर डोक्यावर.

ही आमची सगळ्यात मोठी चूक, भडका उडालेला असताना शिकवणी घ्यायची. एडीएचडीत भावना जोरात येते आणि ब्रेक उशिरा लागतो, त्या दहा-पंधरा मिनिटांत तुमचं लॉजिक कानावर पडतं पण आत जात नाही. आता मी दोनच वाक्यं बोलते, "लागलं ना तुला. मी इथेच आहे." धाकटीला दुसऱ्या खोलीत पाठवते आणि गप्प बसते, जे मला अजिबात जमत नाही पण करते. म्हणून हिशोब सोडायचा असं नाही हं, फोन रिपेअरचे पैसे त्याच्या पॉकेटमनीतून कापले, फक्त ते बोलणं संध्याकाळी केलं, तेही गाडीवर मागे बसवून रिंग रोडला चक्कर मारताना. समोर बसवून डोळ्यात डोळे घालून विचारलं की तो वकील होतो, मागे बसला की बोलतो.

दुसरी चूक म्हणजे "एवढा घोडा झाला तरी". अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या लोकांनी २००७ मध्ये दाखवलं की एडीएचडीवाल्या मुलांच्या मेंदूचा बाहेरचा थर सरासरी तीनेक वर्षं उशिरा तयार होतो, आणि उशीर जास्त पुढच्या भागात, जिथे स्वतःला आवरायचं काम चालतं. वाढ उशिरा होते, थांबलेली नसते. म्हणून मी मनात तीन वजा करते, १२ वर्षांच्या पोराकडून काय अपेक्षा केली असती? हा माझा घरगुती जुगाड आहे, बुद्धीला लागू नाही, कारण हाच पोट्टा मेट्रोचे डबे कसे चालतात यावर तासभर बोलू शकतो.

दोस्तांच्या बाबतीत तर मी कहर केला. फुटाळ्याच्या प्रकरणानंतर एका दोस्ताच्या आईला फोन लावला. हे कधीच करू नका. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये "जाय बे, आईला सांग" सुरू, आणि ते महिनाभर. दोस्त का टाळतात ते बघा आधी. हा दुसऱ्याचा जोक संपायच्या आधी बोलतो, स्वतःचा जोक पाच वेळा सांगतो, हरला की उठून जातो. नियम त्याला पाठ आहेत, ऐन वेळी आठवत नाहीत, म्हणून "नीट वागत जा" या लेक्चरचा उपयोग शून्य. मधे बोलायचं कारण त्यानेच सांगितलं, "नाही बोललो तर विसरून जातो ना." आता बोलायची वेळ येईपर्यंत एक बोट दुमडून ठेवतो, कधी जमतं कधी नाही. आणि ग्रुपच्या मागे न लागता एकच दोस्त, एकच काम, ठरलेली वेळ. रविवारी सकाळी सायकलने अंबाझरी तलाव, येताना तर्री पोहे, बाय. दीड तास. तीन तास झाले की भांडण होतंच.

मेसेजचं वेगळंच. समोरच्याने नुसतं "ओके" लिहिलं तरी याला वाटतं संपलं सगळं. लहानपणापासून दिवसभर रागावणंच ऐकलेल्या पोरांना नकार जास्त टोचतो. रात्री दहानंतर रागाचा मेसेज नोट्समध्ये लिहायचा, पाठवायचा सकाळी, असं ठरलंय. सकाळी बहुतेक वेळा तो पाठवतच नाही.

रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास चिडचिड होत असेल तर ट्यूशनला दोष देण्याआधी आठवडाभर वेळा लिहून बघा. आमच्याकडे एडीएचडीच्या सकाळच्या गोळीचा असर तेव्हा उतरत होता, शिवाय गोळीने भूक मरते म्हणून डबा तसाच परत येत होता. डॉक्टरांनी वेळ बदलली, मी पाच वाजता आधी खायला देते. स्वतःच्या मनाने डोस कमीजास्त करू नका, नातेवाईक म्हणाले म्हणून बंद तर मुळीच नको. नागपुरात काय, मानसिक म्हटलं की लोकांना पागलखाना चौकच आठवतो.

मुलगी असेल तर उड्या-धिंगाणा कदाचित दिसणारच नाही, नुसतं हरवल्यासारखं राहणं आणि घरी येऊन रडणं, म्हणून निदान उशिरा होतं आणि तोवर ती "नाटकी" ठरते.

पण दोन आठवडे पोरगं कोणाला भेटत नाही, नीट खात नाही, "मी नसतो तर बरं" म्हणतं, तर तो एडीएचडीचा राग समजून सोडू नका, सोबत डिप्रेशन किंवा अँग्झायटी असू शकते. मरायचे विचार येतात का, सरळ विचारा, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. नागपुरात मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा मिहानच्या एम्सला मानसोपचार विभाग आहे, रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे.

आमची सध्याची लढाई ॲक्टिव्हाची. सगळे दोस्त क्लासला गाडीने जातात, हाच सायकलवर, म्हणजे याची इज्जत गेली. पण एडीएचडीत ॲक्सिडेंटचा धोका तसाही जास्त, आणि अल्पवयीन पोराने गाडी चालवली तर २०१९ पासून पालकांना २५,००० दंड आणि जेलही होऊ शकते. चावी सध्या तूरडाळीच्या डब्यात आहे. त्याला ते माहीत आहे असा मला डाउट आहे.