सगळं रान एकाच फुलोऱ्यावर ठेवू नका

मृग जवळ आला की कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर एकच विचारणा चालते: "यंदा कोणता वाण घ्यायचा?" दहा एकरवाला एक नाव ऐकतो, त्याच नावाच्या पिशव्या गाडीत टाकतो आणि एका पावसावर सगळं रान पेरून मोकळा होतो. आमच्या मराठवाड्यात हे बहुतेक वेळा सोयाबीनच असतं. मग सगळं रान एकाच आठवड्यात फुलतं, एकदमच शेंगा धरतं आणि एकदमच काढणीला येतं.

२०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. पेरण्या आधीच जुलैवर गेलेल्या, त्यात ऐन फुलोऱ्यात उघडीप. २०२५ च्या सप्टेंबरात नेमकं उलट, काढणीच्या तोंडावर शिवारात पाणी शिरलं. दोन्ही वर्षी बियाणं कितीही चांगलं असतं तरी काय करणार होतं? पाऊस कधी दगा देईल ते आपल्या हातात नाही, पण त्या दिवशी रानातलं प्रत्येक पीक एकाच अवस्थेत नसावं, एवढं पेरतानाच ठरवता येतं.

त्यामुळे यंदा वाणाच्या आधी दिवस मोजा. समजा कोरडवाहू पाच एकर आहे. तीन एकरांत सोयाबीन अधिक तूर, चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर. यातलं निम्मं सोयाबीन जेएस ९३-०५ सारखं, नव्वदएक दिवसांत येणारं. निम्मं फुले संगमसारखं, १०५ ते ११० दिवसांचं. तुरीतही हलक्या-मध्यम रानाला बीडीएन-७११, साधारण १५० ते १५५ दिवसांची. भारी पण पाण्याचा निचरा होणाऱ्या रानाला बीएसएमआर-७३६, तिला १७५ ते १८० दिवस लागतात. सोयाबीन गेलं तरी तुरीला परतीचा पाऊस सापडतो. चौथ्या एकरात मूग किंवा उडीद. पाचव्या, मुरमाड एकरात दोन ओळी बाजरी, एक ओळ तूर. बांधाच्या कडेने अंबाडी, कारळं, तीळ, जमलं तर दोन ओळी राळ्याच्या.

मुगाबद्दल थोडं सावध सांगतो. साठ-सत्तर दिवसांत निघतो, पोळ्याच्या आगेमागे हातात पैसा देतो, पण तोडणीला झड लागली तर शेंगेतच कोंब येतात. म्हणून एकच एकर. आणि तो जूनअखेर, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरून झाला पाहिजे. नंतर मुगाचा नाद सोडा.

मिश्र पिकात कष्ट जास्त आहेत, हे लपवत नाही. तुरीच्या ओळी उभ्या असताना हार्वेस्टर घालता येत नाही, सोयाबीन माणसं लावून कापावं लागतं. तणनाशकाचाही घोळ होतो. सोयाबीनमधल्या गवतासाठी मारायचं औषध बाजरीलाही गवतच समजतं. शेजारी-शेजारी पट्टे असतील तर वारा बघून फवारा, नाहीतर तिथे सरळ कोळपं, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं अवजार, चालवा.

आता बियाणं. घरचं असो की विकतचं, उगवण तपासल्याशिवाय पेरू नका. पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरातून मूठ-मूठ घेऊन एकत्र करा आणि त्यातले शंभर दाणे मोजा. चांगले-चांगले निवडायचे नाहीत, हाताला येतील तसे घ्यायचे. गोणपाट भिजवून पिळा, त्यावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडा आणि फक्त धट्टेकट्टे कोंब मोजा. वाकडे, बुरशी आलेले सोडून द्या. सोयाबीनचे सत्तर निघाले तर एकरी तीस किलो बी. साठ निघाले तर पस्तीस किलो. त्याच्या खाली आलं तर ते बियाणं मोंढ्यावर न्या, रानात नको.

सोयाबीनचं परागीभवन स्वतःच्याच फुलात होतं, त्यामुळे घरचं बियाणं बिनधास्त वापरता येतं. फक्त पोती आपटू नका, त्याचं साल फार नाजूक असतं. तुरीवर मधमाश्या फिरतात. दोन वाण जवळ असतील तर त्यांची सरमिसळ होते, म्हणून बियाण्यासाठी प्लॉटच्या मधोमधची झाडं राखा. संकरित बाजरी आणि बीटी कपाशीचं मात्र घरचं बी धरू नका. बाजरीत घरचं बी हवंच असेल तर धनशक्तीसारखा सुधारित वाण घ्या. देवाणघेवाणीला कायद्याची भीती बाळगू नका. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बी राखायला, वाटायला आणि विकायलाही मुभा आहे. ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही, एवढंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती असंच गावरान बी जपण्यासाठी.

पेरणीची घाई मीही एकदा केली आहे. वळवाच्या एका सरीवर तिफण धरली, आठ दिवसांत रान कोरडं पडलं, दुबार पेरणी माथी आली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वाफसा, म्हणजे चिखल न होता पेरता येईल अशी ओल, आल्याशिवाय सोयाबीनला हात लावू नका, आणि बी तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. पाऊस लांबलाच तर जुलैच्या मध्यापर्यंत सोयाबीन, जुलैअखेरपर्यंत बाजरी-तूर, त्यानंतर ऑगस्टच्या मध्यापर्यंत तूर, सूर्यफूल, एरंड. यातल्या एक-दोन पिकांचं थोडं बी आत्ताच घरात आणून ठेवा, कारण जुलै उलटल्यावर ते दुकानात हमखास मिळेलच असं नाही.

मूग निघालेला एकर मोकळा पडू देऊ नका. ओल टिकवायला पाळी घालून ठेवा; सप्टेंबरच्या मध्यापासून तिथे शाळू म्हणजे रब्बी ज्वारी, आणि महिना संपता-संपता करडई टाकता येते.